सागाचं पुस्तक

अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या यष्टीत प्राजक्ताच्या बाजूच्या सीटवर दोन म्हातारे सुतार बसले होते. पुंजाजीनं मांडीवरच्या गठड्याचा दुपट्टा सोडला, आतून सागाचं कोरीव पुस्तक निघालं, तशी तिनं कानातली गाणी बंद केली.

"कोनासाठी केलं हे?"

"अमरावतीच्या एका वाचनालयासाठी. दारातच मांडनार हायेत. पाह्य ना किसनभाऊ, हातात घेऊन पाह्य."

"पालिश जास्त झालं. तोंड दिसून राहिलं त्याच्यात."

"लाखेचे अकरा हात मारले."

"अन् ह्या वेली? आपल्या मिस्त्रीच्या हायेत ह्या. त्यायनं मले आधी शिकवल्या होत्या, तुले मागून."

"व्हय. तुलेच आधी."

"पानं लई पातळ केली. फाटतीन."

"लाकूड हाय, भाऊ."

"ते मले नोको सांगू. थांब! इथं कोपऱ्यात खाच हाय. भुसा अन् सरस भरून बुजवली तू! वाचनालयाले माहीत हाय का? बोल ना!"

"ते खाच माही नाही."

"मंग कोनाची?"

"हे फळी मिस्त्रीनं पहिले तुलेच देल्ली होती. कोरता कोरता तुही पटाशी घसरली अन् तू रागानं फेकून गेला. मी उचलून ठेवली. बारा वर्षं झाली."

मूर्तिजापूर मागं पडलं, तशी किसनभाऊनं पुस्तक उलटं करून तळ पाहिला.

"मंग खाली एकट्या तुहंच नाव काहून कोरलं?"