ध्वनी की दिग्दर्शन

चित्रपट संस्थेच्या प्रवेश खिडकीपुढे रांग होती. माझ्या पुढे बाप आणि मुलगी उभे होते.

"दोन्हीकडे नंबर लागलाय ना? मग गुपचूप दिग्दर्शन घे. लोक सिनेमा बघायला जातात, ऐकायला नाही."

"बाबा, मला ध्वनीच शिकायचंय."

"आणि काकाला काय सांगू? पोरगी माइक धरून उभी राहते?"

"सांगा, ध्वनीच्या यादीत पोरगी पहिली आली."

"असं काय पाठवलं होतंस त्यांना?"

"तुमचं घोरणं."

"मी घोरत नाही."

"परीक्षक म्हणाले, काय चढउतार आहेत! मध्येच श्वास अडकतो तिथे तर सगळे खुर्च्यांत पुढे सरकले."

"परक्या माणसांना ऐकवलंस? लाज कशी वाटली नाही? आईला कळलं तर?"

"आईने माझ्याकडून मागून घेतलंय ते. मामाकडे गेली की तिला झोप लागत नाही. मग फोन उशाशी ठेवून तेच लावते."

रांग पुढे सरकली, बाप तिथेच उभा.

"बाबा, पुढे सरका."

"ध्वनीच घे."

"खरंच?"

"हो. पण तेवढं पुन्हा रेकॉर्ड कर. तेव्हा मला सर्दी झाली होती."