काकांचा ‘हौदु’

अय्यो, आमच्या काकांना बेंगळूरूला विधानसभा दाखवायची चूक मी एकदाच केली! काका म्हणजे म्हैसूरचे शिंपी, आणि देवळात भजनाला साथ करणारे. बुवांची ओळ संपायच्या आत यांचा आवाज लागलाच म्हणून समजा.

त्या दिवशी नेमकं शिलाई कामगारांचं विधेयक होतं. आम्ही वर ग्यालरीत गुपचूप बसलो होतो. खाली अध्यक्ष म्हणाले, “मंजूर असेल त्यांनी ‘हौदु’ म्हणा.”

आमदारांनी तोंड उघडायच्या आत वरून काकांनी टिपेचा सूर लावला, “हौदूऽऽऽ!”

अख्खं सभागृह खदखदून हसलं. मार्शलनं आम्हा दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं. मागून आमदारांचा ‘हौदु’ ऐकू आला तसे काका जिन्यातच थांबले.

“म्हणजे झाला कायदा?”

“कुठला, अज्जा! इथं मंजूर झालं,” मार्शल हसू दाबत म्हणाला. “आता वरच्या सभागृहात जाणार. तिथं पण ‘हौदु’ झालं की राज्यपालांची सही, मग कायदा.”

काकांनी खिशातली लवंग काढून तोंडात टाकली, घसा खाकरला आणि काळजीनं विचारलं,

“बरं, पण तिथं साथीला कोण आहे?”