पुलावरून जाणारे दोनशे

(जर्मनीतल्या रूर भागातलं एक विद्यापीठ, नोव्हेंबर १९९३. नऊ दिवसांपूर्वी वारलेल्या प्राध्यापक होल्टकाम्प यांची खोली. त्यांची मुलगी गुड्रून आणि सहायक योर्ग.)

गुड्रून : म्हणजे सगळे मार्ग पुलावरूनच?

योर्ग : दोनशेच्या दोनशे.

गुड्रून : आणि पूल कालपासून बंद.

योर्ग : तडे गेलेत. उन्हाळ्याआधी उघडत नाही म्हणे.

गुड्रून : मी शाळेत लॅटिन शिकवते, योर्ग. सावकाश सांगा.

योर्ग : बर्फ पडल्यावर तो वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्या कुठून न्यायच्या, ते आमचा संगणक, हे यंत्र शोधतं. दोनशे मार्ग घ्यायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे, चांगल्यांच्या जोड्या लावायच्या, दोन्हींचे तुकडे जोडून नव्या मार्गांची पिल्लं काढायची, लंगडी टाकायची. पिढ्यान् पिढ्या.

गुड्रून : बाबा लंगडीही ठेवायचे ना?

योर्ग : हो. एकसारखे मार्ग फार झाले, की त्यांचे गुण कापायचे. म्हणून लांबून जाणारे, वेडेवाकडेही तगायचे. मी चिडवायचो, सर, हे संशोधन की अनाथाश्रम?

गुड्रून : आणि तुम्ही ते कापणं बंद केलंत.

योर्ग : ते इस्पितळात गेले त्या आठवड्यात. पालिकेची माणसं येणार होती. सगळे पुलावरच्या जवळच्या वाटेला लागले, गुण भराभर चढले हो! वाटलं, सरांना बरं वाटेल.

गुड्रून : जुन्या पिढ्या टेपवर असतील.

योर्ग : टेपा दोनच. आलटूनपालटून त्याच वापरतो, जुनं पुसलं जातं.

गुड्रून : बाबांनी सात हिवाळे गाडीवाल्यांशेजारी बसून मार्ग उतरवले होते. म्हाताऱ्या श्टेफानचा, पूल टाळून गिरणीमागून जाणारा. ते कागद?

योर्ग : मीच टाकले. म्हटलं, यंत्रात आहेतच की.

गुड्रून : मग श्टेफानलाच विचारा!

योर्ग : तो एप्रिलमध्ये गेला.

गुड्रून : नव्यानं सुरू करा. काहीही घाला, पण करा.

योर्ग : पाच महिने लागतात. पालिका सोमवारी सरांचं काम गुंडाळतेय.

गुड्रून : बाबांना कळलं होतं?

योर्ग : मी सांगितलं, गुण चढतायत. त्यांनी एवढंच विचारलं, वेगळे किती उरले?

गुड्रून : तुम्ही काय म्हणालात?

योर्ग : भरपूर.

गुड्रून : पटलं त्यांना?

योर्ग : चष्मा काढून ठेवला. म्हणाले, गुड्रूनला फोन लावून दे.

गुड्रून : मंगळवारी. मी वर्गात होते.

योर्ग : तीनदा लावला.

गुड्रून : माहीत आहे. तिन्हीदा वर्गात निरोप आला होता.