बारा ताऱ्यांची पेटी

हॅलो?… कोण?… मोठ्यानं बोल गं, हात पिठात आहेत, फोन खांद्यात धरलाय.

हो, मीच इंकोरोनाता. तू कोण?… कोण इलेनिया?… अच्छा, नर्स. काम्पोबास्सोची. ती पेटीवाली, आमचे बीपी-वजनाचे आकडे तिथून बघणारी. बोल ना, पोरी.

मी ठीक आहे… हो, उभी आहे. ओट्यापाशी उभी आहे, कावातेल्लीचा पास्ता वळतेय… एकटीसाठीच. मुलगा तोरिनोत असतो, तो काही येत नाही, पण पीठ दोघांचं मळलं जातं. हाताला सांगून कळत नाही.

छातीत? काही नाही… डोकं? डोकं जागेवर आहे… चक्कर नाही… डावा हात? अगं, सांगितलं ना, पीठ मळतेय, दोन्ही हात लागतात त्याला. झालंय काय?

वजन?… परवा एक्कावन्न, आणि काल एकशेचार?… म्हणजे तुझं म्हणणं, मी एका रात्रीत… हां… हां, ते होय. ते यंत्राचं काहीतरी असेल. यंत्रच ते.

आणि आज सकाळी?… किती?… बीपी दोनशे तीस? वरचा आकडा की खालचा?… आणि नाडी उड्या मारतेय. बरं… नाही गं बाई, माझं नाही ते.

काय पाठवलीस? ॲम्ब्युलन्स? आमच्या गल्लीत?… परत बोलाव… इलेनिया, ऐक. आधी परत बोलाव, मग बोलू… तुला माहीत नाही. आमच्याकडं दारात ॲम्ब्युलन्स लागली की बायका आधी खिडकी उघडतात आणि मग चुलीवर पातेलं चढवतात… कशाला म्हणजे? रस्सा करायला. माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजार जेवण आणतो. तुमच्या शहरात नसेल ही पद्धत… अगं, मी जिवंत दारात उभी राहिले तरी त्या रस्सा आणून ठेवतील. आणि मला तो प्यावा लागेल.

काय?… नाही, मी काही लपवत नाहीये.

बरं, खरं सांगू? रागावणार नाहीस?… नाही, आधी कबूल कर… ते यंत्र आत्ता माझ्याकडं नाहीये… चोरीला नाही गेलं. फेरीवर गेलंय.

फेरी म्हणजे फेरी. घरोघरी. रोज संध्याकाळी एका दारातून दुसऱ्या दारात… हसतेस काय?… हां, हसत नाहीयेस. बरं.

तू ती पेटी पाहिलीयेस का कधी डोळ्यांनी?… फक्त कॉम्प्युटरात. तेच तर. अगं, पेटीवर निळी पट्टी आहे, आणि त्यावर गोलात सोनेरी तारे. बारा. मेयरसाहेबांनी चौकात सगळ्यांना दाखवले. म्हणाले, हे युरोपचे तारे. कोरोनात देश आडवा झाला होता, त्याला पुन्हा उभं करायला युरोपनं निधी दिला, त्यातून ही पेटी आली. आता सुधारणा झाली. आता डॉक्टर गुरुवारी येणार नाहीत, इलाज घरबसल्या होणार… हो, टाळ्या वाजवल्या आम्ही. त्याच्या आधी पाळणाघराला वाजवल्या होत्या… छान आहे गं पाळणाघर, त्याच निधीतलं. गावात तान्हं मूल एकही नाही, म्हणून आम्ही तिथं पत्ते खेळतो. खुर्च्या जरा बुटक्या आहेत, एवढंच. उठवायला माणूस लागतं.

तर बारा तारे. आणि आमच्या मेरीमातेच्या डोक्याभोवती किती तारे असतात?… बरोब्बर. निळा शेला, बारा तारे. मे महिन्यात तिची मूर्ती फिरते आमच्या गावात, एका रात्री एका घरी. निकान्द्रो नेतो… चर्चची घंटा वाजवतो तो. यंदा मूर्ती निघाली, तेव्हा सगळ्याजणी म्हणाल्या की पेटीही जाऊ दे बरोबर. फादर एजिदिओंनी पाणी शिंपडलं तिच्यावर… नाही, आत नाही गेलं. वरच्या वर पुसलं मी.

हो, पेटी माझ्या नावावर आहे, माहीत आहे मला. मूर्ती चर्चच्या नावावर आहे, म्हणून काय ती चर्चमध्येच बसते?… अगं, सगळं गाव म्हातारं, प्रत्येकाला बीपी, आणि पेटी एकट्या माझ्या घरात मिरवायची? मला तोंड दाखवायला जागा उरली असती का?

एकशेचार तो रोक्को. खाटीक. समोरच राहतो… मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं. तो गावात ऐंशी सांगतो.

गोळ्या?… कुठल्या, गेल्या आठवड्यात पाठवलेल्या? नाही घेतल्या. आकडे माझे नव्हते, मग गोळ्या माझ्या कशा?… निकान्द्रोला दिल्या… ओरडू नकोस, त्यानंही नाही घेतल्या. त्याला रंग आवडला नाही.

तर पटलं ना आता? मी ठणठणीत आहे. फिरव गाडी… फिरवलीस?… नक्की? वळली?… देव तुझं भलं करो. लग्न झालंय का तुझं?

काय? कोणाचं म्हणजे?… हां. ते दोनशे तीस… हो, कोणाच्या तरी हाताचं असणारच. तेही खरं.

थांब, सांगते. परवा पेटी माझ्याकडं होती. फेरी नागमोडी जाते, म्हणजे माझ्यानंतर समोरचा रोक्को. काल संध्याकाळी निकान्द्रोनं रोक्कोकडून उचलली, आणि मग परत आमच्या बाजूला…

कोणाकडं म्हणजे?… सांगते ना.

आमच्या बाजूचं हिरवं दार… लोरेता. माझी नणंद… एकटीच असते… माझ्याहून थोडी मोठी, पण ते तिला विचारू नकोस.

नाही, मी जाऊन बघणार नाही… लांब कुठलं, भिंत एक आहे आमची. पण उंबरा वेगळा. आणि त्या उंबऱ्यावर मी पाय ठेवत नाही. ठरलंय तसं… मीच ठरवलंय. माझा नवरा गेला तेव्हापासून. दोनातो.

ऐकायचंय तुला? मग ऐक. दोनातो गेला, घरात चूल बंद. सख्ख्या बहिणीचा मान पहिला, म्हणून तिनं रस्सा आणला. सगळी गल्ली बसलेली. मी पहिला चमचा तोंडात घातला, आणि मीठच नाही. कणभर नाही… विसरली? लोरेता? लोरेता काही विसरत नाही, ती मनात धरून ठेवते. मी तिथल्या तिथं म्हणाले, माझ्या नवऱ्याला एवढा फिका निरोप? ती उठली, भरलं पातेलं उचललं आणि चालती झाली. तेव्हापासून मी तिचं तोंड बघितलेलं नाही. ती कोंबड्या सोडायला निघाली की मी आत वळते.

पेटी कशी गेली? अगं, फेरीत दार वगळत नाहीत. भांडण माझं आहे, मेरीमातेचं कुठं आहे? निकान्द्रो नेतो, मी दुसरीकडं बघते.

तूच लाव ना तिला फोन. नंबर असेल तुमच्या त्या कॉम्प्युटरात… हां, दुसऱ्या फोनवरून लाव… वाजला… मला कसं कळलं? भिंतीतून ऐकू येतोय… वाजू दे, वेळ लागतो तिला. उजवा गुडघा धरतो तिचा, खुर्चीतून उठताना टेबलाला हात लावते… नाही, अजून नाही उठली. टेबल हललं असतं तर कळलं असतं मला.

वाजतोच आहे.

इलेनिया… आज तिची कॉफीची किटली वाजली नाही… अगं, रोज वाजते. कोंबड्या सोडते, त्यांना शिव्या घालते, मग किटली, मग रेडिओ. आज शिव्या झाल्या. मग किटली नाही. रेडिओ नाही… मी काही कान लावून बसत नाही! भिंत पातळ आहे.

अजून वाजतोय.

गाडी! ती गाडी… परत वळव! वळव परत ती! इलेनिया, हात जोडते तुला, पिठाचे हात जोडते, वळव!… कुठवर गेली?… पुलापाशी? मग जवळच आहे. सांग त्यांना… हो, निघाले मी. निघाले. जिन्यात आहे… नाही पडत. फोन हातात आहे, बोलत राहा.

किल्ली बाहेरूनच लावलेली असते दाराला. इथं कोण काय नेणार आहे…

ओलांडला उंबरा. काही झालं नाही.

लोरेता!… लोरेता, मी आहे!… आहे, इथंच आहे, स्वयंपाकघरात. खुर्चीत बसलीय. तुमचा बीपीचा पट्टा दंडाला तसाच… डोळे उघडे आहेत. बघतेय… हो, ओळखलं मला. कपाळाला आठी पडली.

हसायला सांगू?… लोरेता, हस जरा… नर्स म्हणतेय, मी नाही म्हणत… नाही हसत गं. पण मला बघून ती हसणारच नाही, यावरून काय कळणार?… थांब, थांब. लोरेता, ऐक. रोक्कोचं वजन आहे ना, ऐंशी नाही. एकशेचार आहे. खुद्द पेटीनं सांगितलंय… हसली! इलेनिया, हसली…

अर्धीच हसली. तोंडाची डावी बाजू हललीच नाही.

दोन्ही हात वर… लोरेता, हात वर कर. दोन्ही… उजवा वर आलाय. डावा मांडीवरच आहे… मी उचलून धरला. पडला खाली.

पोरी, आता काय करू?… नाही देत पाणी. कॉफीपण नाही. मागे टेकवून ठेवते… ठेवली. उशी घातली. दार सताड उघडं आहे.

कधी सुरू झालं?… ते कळलं तर औषध देता येतं? मग मला विचार ना. आठच्या घंटेला ती कोंबड्यांना शिव्या घालत होती. एकेक शब्द स्वच्छ. जीभ अजिबात अडखळली नाही… खात्री म्हणजे? त्या शिव्या कोंबड्यांना नसतात गं, मला असतात. म्हणून मला पाठ आहेत. साडेआठच्या घंटेआधी किटली वाजायला हवी होती, ती नाही वाजली. म्हणजे दोन घंटांच्या मध्ये… लिही. निःशंक लिही. डॉक्टरांनी विचारलं तर सांग, भिंतीपलीकडच्या बाईनं ऐकलंय.

औषधं?… फळीवर डबी आहे एक. थांब, चष्म्यावर पीठ बसलंय… बीपीचीच दिसते. पण रिकामी आहे… लोरेता, संपली कधी ही?… काय?… म्हणते, गुरुवारचे डॉक्टर लिहून द्यायचे. गुरुवार बंद झाला… नाही, तिला नाही मिळाली पेटी. पेटी मला मिळाली. माझं बीपी एकशेवीस असतं.

उलटं झालं म्हणतेस?… हो. मीही तेच म्हणतेय.

कधीपासून घेते? विचारते… लोरेता, कधीपासून?… सावकाश बोल, घाई नाही… दोनातोच्या आधीपासून?… म्हणजे तेव्हा… तेव्हा मीठ बंद होतं तुझं?… घरात मीठच नव्हतं.

अगं मग तेव्हाच का नाही बोललीस, बाई! सगळ्या गल्लीसमोर मी… काय?… काय म्हणालीस?

इलेनिया, म्हणतेय, भावाच्या मातीच्या दिवशी स्वतःचं दुखणं काय सांगत बसायचं.

… हो, रडतेय. मी रडतेय, ती नाही. तू तुझं काम कर.

भोंगा वाजतोय. आली!… अगं, माझ्या दाराशी थांबली! अहो! इकडं! हिरवं दार!… इंकोरोनाता मीच, पण आजारी ही आहे!… अहो बाबा, मी आजारी दिसते का? मला नका झोपवू, हिला घ्या! इलेनिया, सांग गं यांना, यांच्या कागदावर माझंच नाव आहे… हां, घे, बोल त्यांच्याशी…

हॅलो?… हो, मीच. समजलं त्यांना. उचलतायत तिला. सावकाश हो, उजवा गुडघा धरतो तिचा!

निकान्द्रो! तिथं उभा काय राहिलायस, त्या बायकांना सांग, पातेली उतरवा म्हणावं! कुणी मेलेलं नाही!

हां, बोल… बरोबर मी जातेय. आहे तशीच, एप्रनवर. बसलेसुद्धा… नातं? कुठं लिहायचंय?… मग लिही, वहिनी. मी तिची वहिनी… हो, एकच नातेवाईक. एकच पुरे.

पेटी? राहू दे ती हिरव्या दारातच. फेरी संपली तिची. पुढच्या घरांना मूर्ती जाईल… मेरीमाता समजून घेईल. तू तेवढं कॉम्प्युटरात नाव बदल. तुझ्या साहेबांना विचारावं लागेल? मग विचार. युरोपला विचार हवं तर.

पोचू ना गं वेळेत?… पोचू म्हणतेस… बरं. तुझ्यावर विसंबते.

लोरेता, इकडं बघ. घरी आलीस की चूल तू पेटवायची नाहीस. रस्सा मी आणीन. रोज. आणि मीठ घालणार नाही, ऐकलंस?… काय?… थांब इलेनिया, ती काहीतरी म्हणतेय… पुन्हा बोल, लोरेता…

म्हणते, "तुझ्या वाटीत घाल की, वहिनी."

ऐकू आलं तुला? वहिनी म्हणाली… नाही, माझ्याही वाटीत नाही घालणार. दोघी फिकाच पिऊ.

ठेवते आता, पोरी. तिला माझा हात धरायचाय, आणि माझ्या हातात फोन आहे.