रखमाबाईंना ऐकू गेलेलं हसू

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी, आणि मला सांगा — देव घरच्या देव्हाऱ्यात असताना देवळात कशाला यायचं? चपला हरवायला? हसताय काय, उत्तर द्या! नाही ना? मग ऐका!

आटपाडीत भगवंतराव होनमान्यांचं टॉकीज. गावातच एक चित्रपट झाला. त्यातली भांडखोर आजी कोण? भाजीवाल्या रखमाबाई! दिग्दर्शिका उल्काताईंनी त्यांना बाजारात भांडताना पाहिलं अन् थेट कॅमेऱ्यापुढे उभं केलं!

पण चित्रपट लागायच्या आधी कळलं — त्याच दिवशी तो मोबाईलवरही येणार! भगवंतराव भडकले. "ताई, घरोघरी ताटं वाढलीत, आता खानावळीत कोण येणार?"

"काका, तुमचं दुखणं कळतं मला. पण रखमामावशींचं कंबरेचं हाड मोडलंय. कूस बदलता येत नाही. त्यांनी कुठं बघायचा?"

 

पहिला खेळ — टॉकीज रिकामं! दुपारी भगवंतराव बिचारा तडक रखमाबाईंच्या घरी. बघतो तर अख्खी गल्ली खाटेभोवती, एका मोबाईलवर डोकी! चित्रपट संपला, सगळ्यांनी वाहवा केली, सगळे पांगले. पण रखमाबाईंचा चेहरा उतरलेला.

"काय झालं, मावशी?"

"भगवंता, ही सगळी आपली माणसं रे. माझं मन राखायला हसली. परकं माणूस हसंल का?"

मंडळी, भगवंतराव आपलं दुःख विसरला! बाजारात उभा राहून ओरडला, "रखमाबाईंचं भांडण बघायला चला! त्यांना तुमचं हसू ऐकायचंय!"

संध्याकाळी लोक आले. टॉकीज भरलं का? नाही, खोटं कशाला सांगू — अर्धंच! पडद्यावर आजी कमरेला पदर खोचून उभी राहिली, तसा भगवंतरावनं रखमाबाईंना फोन लावला अन् हात उंच धरला. आजी कडाडली — अन् टॉकीजभर हशा! अनोळखी माणसं पोट धरून हसली!

भगवंतरावनं फोन कानाला लावला. "मावशी, ऐकू येतंय ना?"

"गप रे! ऐकू दे की!"

टॉकीज पुढं चाललं का? ठाऊक नाही. पण चित्रपट घरी पोचला म्हणून तिला दिसला, अन् माणसं एकत्र जमली म्हणून तिचं मन भरलं. यातलं कुठलं कमी म्हणाल?

हा समोर मोबाईल लावलाय बघा. आपलं कीर्तन घरी अंथरुणावर पडून कुणी ऐकतंय — कुणाची आई, कुणाचा बाप. त्यांना माझा आवाज पोचतोय. तुमचा?

उचला टाळ! मोठ्यानं म्हणा — विठ्ठल! विठ्ठल!