डोंगरापलीकडचं पांढरं

पुतणी: आता पात्रं वर चाललीत, काका. एकेक करून.

काका: वर चाललीत म्हणू नकोस गं. या वयात तो शब्द कानाला बरा वाटत नाही.

पुतणी: बरं. क्लाउडवर चाललीत. ढगात.

काका: ते तर त्याहून वाईट.

पुतणी: हसलात एकदाचे! सकाळपासून तोंड असं केलं होतंत, जसं काही मी तुमचं घर रिकामं करायला आलेय. हे बघा, मास्तरांचा ढालकरी पोचला. आता डॉक्टरीणबाईंची चोरटी जातेय.

काका: चोरटी नाही, सावली. तिला चोर म्हटलेलं खपत नाही. आठवडाभर लोकांचे दात उपटायची आणि रविवारी या टेबलाशी बसून राजांचे खजिने.

पुतणी: आणि मास्तर आठवडाभर शिलाई मशीन चालवायचे नि रविवारी ढाल.

काका: स्वतःसाठी कधी नाही धरली त्यांनी. कायम दुसऱ्याच्या पुढे. शिंप्याची सवय. अंगरखा दुसऱ्याच्याच मापाचा.

पुतणी: ऑफिसात मला विचारत होते, तुझ्या काकांचा एवढा कसला डेटा आहे? म्हटलं, अख्खा देश आहे. काका देश सांगायचे, बाकीचे त्यात शिरायचे. फासे पडतील तसं जगायचं, नाहीतर मरायचं. तर म्हणाले, म्हणजे खेळ? म्हटलं, ते काकांसमोर म्हणू नका.

काका: खेळच तो. फासे टाकायचा माझा प्रोग्राम नेलास?

पुतणी: फासे नेले, हवामान नेलं, गावांची नावं काढायचं ते तुमचं यंत्रही नेलं. एकदा सगळं तिकडे गेलं की हा कॉम्प्युटरचा डबा बंद पडला तरी बिघडत नाही. डॉक्टरीणबाई मुलाच्या घरून, मास्तर पलंगावरून, तुम्ही इथून. पुन्हा एक टेबल.

काका: डबा म्हणू नकोस. म्हातारा झालाय, पण ऐकतो सगळं. पंखा बघ त्याचा. दुपारी या खुर्चीत डोळा लागला ना, की ती घरघर मला नदीसारखी वाटते. मग अर्धवट झोपेत मी तिकडे फिरून येतो. खेळ बंद पडला, तरी तिथे पाणवठ्यावर बायका असतात. घोडे असतात. माझ्याकडे बघून कोणी थांबत नाही. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही, असं दिसतं.

पुतणी: रोज जाता?

काका: जाणं कसलं, जातं. डॉक्टरीण मुलाकडे राहायला गेली, एक खुर्ची रिकामी झाली. मग मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी भेटायला गेलो तर डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "समु... समु..." सून बिचारी म्हणते, सामान मागताय का, मामंजी? मला मात्र कळलं.

पुतणी: समुद्र.

काका: पहिल्याच रविवारी मी बोलून गेलो होतो. डोंगरापलीकडे समुद्र आहे, तिथे पोचा. झालं, तेव्हापासून जे निघालेत ते निघालेत. वाटेत दुष्काळ, लढाया, दोन लग्नं. डोंगराच्या पायथ्याशी आलो आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या.

पुतणी: म्हणून तर म्हणतेय, पोचवू या त्यांना. मास्तरांना तरी.

काका: हं.

पुतणी: नुसतं हं काय?

काका: पोरी, असं कर. नकाशा राहू दे या डब्यातच.

पुतणी: आता तुम्हीच डबा म्हणालात. आणि नकाशाशिवाय चालणार कुठून? तो तर गेलासुद्धा. ही बघा खूण. दोघांना निमंत्रणंही सुटली, मी तसं लावूनच ठेवलं होतं. काका? असे पांढरेफटक काय पडलात?

काका: धुकं कुठंय?

पुतणी: कसलं धुकं?

काका: नकाशावरचं. माणसं जिथवर चालत गेली तेवढाच देश त्यांना दिसायचा. बाकी सगळं मी धुक्याखाली झाकून ठेवायचो. इथे माझ्या पडद्यावर बघ, राखाडी. आणि तुझ्या पडद्यावर?

पुतणी: अगं बाई. सगळं उघडं आहे. तुमच्या प्रोग्रामने धुकं वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं असणार, आणि मी नुसता नकाशा उचलला. थांबा, घाबरू नका, अजून कोणी उघडलं नसेल...

(फोन वाजतो. पुतणी तो टेबलाच्या मधोमध ठेवते आणि आवाज मोठा करते.)

डॉक्टरीण: अरे गोष्टीवाल्या! आहेस का? इथे अजून धड उजाडलं नाही. चष्मा चाचपडत शोधला, तर हे काय उघडलंय माझ्यापुढे?

काका: बघू नकोस! डॉक्टर, डोळे मिट!

डॉक्टरीण: आता काय मिटते कपाळ! जन्मभर लोकांना आ करायला लावून आत डोकावले मी. सगळं बघून झालं. भुयार मिठागरांच्या गावाखाली होतं होय? आणि आम्ही खुळ्यासारखे पूल शोधत बसलो!

पुतणी: बाई, चूक माझी. मी पुतणी. आत्ता झाकते सगळं.

डॉक्टरीण: टेबलाखाली झोपायचीस तीच ना गं तू? माझ्या चपलेवर डोकं ठेवून? राहू दे झाकाझाकी. गोष्टीवाल्या, मला एक सांग. डोंगराच्या पलीकडे काय आहे?

पुतणी: काका, बाई विचारतायत.

डॉक्टरीण: मी नकाशा सरकवत गेले, सरकवत गेले. डोंगर संपला, पुढे पांढरं. वाटलं, नेट गेलं. मग वाटलं, मोतीबिंदू. मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं. पांढरंच.

पुतणी: फाइल अर्धीच आली असेल. मी परत पाठवते.

काका: नको. पुरी आली आहे.

डॉक्टरीण: म्हणजे?

काका: धुक्याखाली काही नव्हतंच.

पुतणी: इतकी वर्षं?

काका: नोकरीत नकाशेच काढले मी. पण कसे? दुसरे लोक उन्हातान्हात मोजून यायचे, आकडे माझ्या टेबलावर टाकायचे, मी रेघ ओढायचो. कोणी न पाहिलेलं, न मोजलेलं कधी काढलं नाही. गावं जमली. नद्या जमल्या, पाहिलेल्या होत्या. समुद्र मी पाहिलेला नाही. तुम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी बसायचो, आज काढूच म्हणून. रेघ कुठून सुरू करायची तेच कळायचं नाही. मग आपली तुम्हाला एखादी दलदल.

डॉक्टरीण: ती दलदल! माझे बूट गेले तिच्यात! जादूचे होते!

काका: वेळ काढत होतो. आणि वाटायचं, पोचलात की उठाल टेबलावरून.

डॉक्टरीण: आम्ही न पोचताच उठलो रे.

काका: हो.

पुतणी: पाणी देऊ का, काका?

काका: मास्तरांचं काय करू ते सांग. तो माणूस भिंतीकडे बघत समुद्राची वाट पाहतोय, आणि मी त्याला कोरा कागद धाडला.

पुतणी: तेच सांगणार होते. दुसरं निमंत्रणही उघडलंय. इथे बघा, तीन ठिपके. निळा तुमचा, लाल बाईंचा. आणि हा हिरवा.

काका: मास्तर?

पुतणी: सुनेने हातात टॅबलेट दिला असेल. डोंगरावर आहेत. सरकतायत.

डॉक्टरीण: मलाही दिसतोय. अरे, उतरतोय तो. पलीकडून उतरतोय!

काका: थांबव गं त्यांना. पुढे काही नाहीये.

पुतणी: मी कशी थांबवू?

डॉक्टरीण: आला. पांढऱ्यात आला. उभा राहिला.

काका: बघितलं त्यांनी.

डॉक्टरीण: गप्प बस. जरा गप्प बस.

पुतणी: काका. रेघ.

काका: कसली रेघ?

पुतणी: काढायची मुभा मी सगळ्यांना देऊन ठेवली होती. मास्तर काढतायत.

डॉक्टरीण: डावा हात आहे. बघ रेघ कशी थरथरतेय. आत वळली, बाहेर आली. आता पुन्हा आत.

काका: थांबली.

पुतणी: नाही, निघाली. दम घेतला असेल.

काका: आमच्या कचेरीत अशी रेघ कोणी काढली असती तर साहेबांनी कागद फाडला असता. कुठेच सरळ नाही.

डॉक्टरीण: किनारा असाच असतो. अगदी असाच.

काका: तुला काय ठाऊक?

डॉक्टरीण: खिडकीतून दिसतो ना मला.

काका: कुठल्या खिडकीतून?

डॉक्टरीण: मुलाच्या घराखाली रस्ता आहे. रस्त्याखाली समुद्र.

काका: वर्षभर फोनवर बोलतेस तू. हवा कशी, गुडघा कसा, सून कशी. समुद्राचं चकार शब्दाने बोलली नाहीस.

डॉक्टरीण: कशी बोलणार? तुम्ही दोघं डोंगराच्या पायथ्याशी बसलेले, आणि मी एकटीच पोचले. तेही विमानाने. चोरून पोचल्यासारखं वाटायचं रे. पहिले काही दिवस तर मी पडदासुद्धा उघडला नाही.

काका: वेडी आहेस.

डॉक्टरीण: आहेच. सुनेला वाटलं, मला उजेड सोसत नाही.

काका: आता उघडलायस?

डॉक्टरीण: उघडते. थांब, काठी घेते. हं.

काका: कसा आहे?

डॉक्टरीण: आत्ता तर नाहीच आहे, म्हटलंस तरी चालेल. नुसतं पांढरं. पाणी कुठे संपलं, आभाळ कुठे लागलं, काही पत्ता नाही. आवाज तेवढा आहे.

पुतणी: कसा?

डॉक्टरीण: कोणीतरी भलंमोठं कापड टराटरा फाडतंय. मग त्याचा विचार बदलतो. मग पुन्हा फाडतंय.

काका: मास्तरांना ऐकू जातंय का हे?

पुतणी: हो, फोनचा आवाज तिकडे जातोय, आणि त्यांचा माइकही चालू आहे. कान द्या. श्वास आहे तो.

काका: मास्तर, रेघ सोडू नका. तशीच खाली न्या. मी आहे मागे. पोरी, मला रंग दे.

पुतणी: निळा देऊ?

काका: निळा नको. तिच्या खिडकीतल्या धुक्याचा दे. आणि बाई, तू फोन तसाच धर खिडकीशी. बोलू नकोस, नुसता धर.

पुतणी: काका, तुमचा हातही थरथरतोय.

काका: थरथरू दे. सरळ रेघांची नोकरी संपली माझी.

डॉक्टरीण: इथे खडक हवेत. मी काढू? मला अगदी काठाच्या खडकांवर पक्षी दिसतायत. बसलेत नुसते, कशाची वाट बघतायत कोण जाणे.

काका: काढ ना. विचारतेस काय.

पुतणी: तिघांच्याही रेघा एकदम हलतायत. मी असं कधी पाहिलं नव्हतं, काका. ऑफिसात नुसते आकडे हलतात.

काका: शू. सुरू करतो. तुम्ही डोंगर उतरला आहात. वाट कधी संपली ते कळलं नाही, पाय रुतायला लागले तेव्हा कळलं. ढालकऱ्याने ढाल खाली ठेवली आहे. इथे कोणाच्या पुढे उभं राहायची गरज नाही. सावली थोडी मागे थांबली आहे, कारण ती एकदा येऊन गेली आहे आणि तिने ते सांगितलेलं नाही.

डॉक्टरीण: सावली म्हणते, आता सांगते.

काका: ढालकरी तिच्याकडे वळून बघतो. रागावलेला दिसत नाही. वारा ओला आहे. ओठांवर खारट लागतं. समोर काय आहे ते धुक्यात नीट दिसत नाही.

पुतणी: काका, मास्तरांनी पाण्याच्या कडेला एक खूण केलीय. चौकोन. वर त्रिकोण.

डॉक्टरीण: घर आहे ते.

पुतणी: तिथे कोण राहतं?

काका: मला माहीत नाही गं. चल, बघून येऊ.