सुखानं बिल भरत होतो

नाही, मला एक सांगा, सूर्याचं मी काय वाकडं केलं होतं? साठ वर्षं तो वर, मी खाली, कधी एकमेकांच्या भानगडीत पडलो नाही. तो उगवला की मी यशवंतपूरच्या मार्केटात जाऊन गुळाचं दुकान उघडायचो, तो मावळला की शटर ओढायचो. घरी दिवे लागायचे, महिन्यानं बिल यायचं, मी भरायचो. सुखानं बिल भरत होतो हो मी! हसू नका. तुम्हाला सांगतो, अख्ख्या बेंगळुरात लाइटबिल सुखानं भरणारं एकच घर असेल, ते आमचं.

आमचं घर म्हणजे काय, वर मी, खाली माझा धाकटा भाऊ नागराज, मध्ये जिना, आणि दोघांत मीटर एक. एकच! आणि ते तरी कुणाच्या नावावर? आमच्या अप्पांच्या. अप्पांना जाऊन वीस वर्षं झाली, पण बिल यायचं ते 'बसवंतराव' म्हणूनच यायचं. नाव बदलायचं कुणाच्या मनातच आलं नाही, आणि आलं असतं तरी छाती कुणाची होती? बिल आलं की माझी बायको पुष्पावती ते आधी अप्पांच्या फोटोपुढं ठेवायची, वर कुंकवाचं बोट लावायची... अहो लाइटबिलाला! मग रविवारी नागराज निम्मे पैसे खिशात घालून जिना चढून वर यायचा, दारातूनच विचारायचा, "काय अण्णा, अप्पांचं पत्र आलं म्हणे?" दर महिन्याला हेच, आणि दर महिन्याला आम्ही हसायचो! मग कॉफी, मग चुरमुरे, मग दोघांनी मिळून वीजवाल्यांना शिव्या, आणि शेवटी तो अप्पांचा आवाज काढायचा. हुबेहूब! "कुणी लावला रे जिन्यातला दिवा? सूर्य मेला काय?" पुष्पावती हसता हसता पदर तोंडाला लावून आत पळायची.

लोक म्हणायचे, "अण्णा, मीटर वेगळी करून घ्या, सरकारचं फुकट करंट दोघांनाही मिळेल." खरं होतं ते. दोन मजल्यांचा मिळून वापर सरकारच्या मर्यादेपेक्षा जास्त भरायचा, म्हणून त्या फुकटात आम्ही बसत नव्हतो. पण नागराजच म्हणाला, "फुकटासाठी अप्पांना तोडायचं काय?" नाही तोडलं! भरलं बिल. सुखानं भरलं!

आणि मग आमचे चिरंजीव आले. सुशांत. राहतात ह्याच शहरात, कोरमंगलात, महिन्यातून एकदा घरी येतात, आणि येताना काहीतरी सुधारणा घेऊन येतात. ह्या खेपेला घेऊन आले एका मित्राला. प्रणीत. सोलरच्या कंपनीत आहे, पुण्याचा आहे. "पप्पा, आपलाच मराठी मुलगा आहे!" आता आपलाच मराठी मुलगा म्हटल्यावर मी नको कसं म्हणणार? इथं मराठी बोलणारा भेटला की आम्ही त्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, मग तो काय विकायला आलाय ते बघतो कोण!

तर हा प्रणीत आमटीभात जेवला आणि सुरू झाला. "काका, ॲक्च्युअली तुमच्या टेरेसचं पोटेन्शियल वेस्ट जातंय!" अहो, माझ्या गच्चीवर नागराजची बायको मिरच्या वाळवते, पुष्पावती सांडगे घालते... वेस्ट? पण नाही. "काका, प्लॅन तीन आहेत. पहिला, तुमची वीज तुम्ही वापरा, उरेल ती बाहेरच्या तारेत सोडा, ती बिलातून वजा. दुसरा, सगळी विका, लागेल ती विकत घ्या. तिसरा, पॅनल आमचे, छत तुमचं, पंचवीस वर्षं छताकडे बघायचं पण नाही." मी म्हटलं, पंचवीस वर्षांनी मीच फोटोत असेन, तिथून काय बघू? पुष्पावती म्हणाली, "मग सांडगे कुठं घालू?" झालं, तिसरा गेला. दुसरा मला कळलाच नाही. स्वतःच्या गच्चीवरची वीज विकायची आणि तीच तारेतून विकत आणायची? दुकानातला गूळ विकून घरच्या चहाला दुसरीकडून गूळ आणतात काय? म्हणजे राहिला पहिला. सरी, बरं, पहिला करा म्हटलं.

इथंच थांबायचं की नाही त्यानं? नाही! कागदावर रेघोट्या ओढत म्हणतो कसा, "मग काका, दिवसा जास्त वीज कोण वापरतं? वरचे की खालचे?"

...तुम्हाला सांगतो, वीस वर्षांत हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नव्हता. कुणाला सुचलाच नव्हता! नागराज समोर बसलेला. त्याचं खाली शाळेच्या युनिफॉर्मचं शिवणकाम, दोन मशिनी, इस्त्री. पुष्पावतीच्या तोंडून निसटलं, "इस्त्री तर खालीच चालते की दिवसभर." नागराज हसला, पण ओठांनीच हसला, आणि म्हणाला, "वैनी, एसी कुठल्या मजल्यावर आहे?" सुशांत म्हणाला, "काका, एसी स्वल्पच लावतो आम्ही!" हा महिन्यातून एकदा येणारा! मग इस्त्री किती, गीझर किती, पाण्याची मोटर कुणासाठी, फ्रीज कुणाचा मोठा... आणि तो आपलाच मराठी मुलगा सगळं टॅबवर टिपून घेतोय, "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणतोय! काय व्हेरी गुड रे? माझं घर मोडतंय तुझ्यासमोर, आणि व्हेरी गुड?

बरं, मग मी आणि नागराज वीजकचेरीत गेलो. तिथला साहेब म्हणतो, "मीटर बसवंतराव ह्यांचं. बसवंतराव कुठं आहेत?" म्हटलं, स्वामी, ते वीस वर्षांपूर्वी वारले. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "मग वीस वर्षं करंट कोण वापरतंय?" काय सांगू? म्हटलं, आम्हीच वापरतोय, त्यांच्या आज्ञेत राहून. तो म्हणाला, "सोलर पाहिजे तर जिवंत माणसाचं नाव लागतं. एकच नाव. कुणाचं घालू?"

मी नागराजकडं बघितलं. नागराज माझ्याकडं. आणि मी म्हटलं, "माझं घाला. मोठा मी आहे."

काय चुकलं हो? मोठा मीच आहे! कुणाचंतरी घालायलाच हवं होतं की नाही? नागराज फक्त म्हणाला, "सरी अण्णा." एवढंच. अहो, भांडला असता तर बरं झालं असतं! लहानपणी पतंगाच्या मांज्यावरून डोकं फोडलं होतं त्यानं माझं. साठीला आला आणि म्हणतो, सरी अण्णा! पंधरवड्यात खालच्या मजल्याला त्याचं वेगळं मीटर लागलं. मी विचारलं, कशाला रे? तर शिलाईवरची मान वर न करता म्हणाला, "तुझी वीज तू वापर अण्णा. माझी इस्त्री जास्त खाते."

गच्चीवर पॅनल बसले. काळे, चकचकीत. मिरच्या गेल्या, सांडगे गेले, आणि पहिलं बिल आलं. माझ्या नावाचं! नरसिंगराव. जन्मात पहिल्यांदा. आणि आकडा काय? तो किरकोळ काहीतरी आकार असतो तो सोडा, बाकी शून्य! प्रणीतचा फोन, "अभिनंदन काका!" सुशांतचा मेसेज, वर नाचणारी माणसं. पुष्पावतीनं सवयीनं ते बिल फोटोपुढं ठेवलं, कुंकवाचं बोट बुडवलं, वर नाव बघितलं... आणि बोट पदराला पुसून टाकलं. जिवंत नवऱ्याच्या बिलाला कुंकू लावून फोटोपुढं ठेवायचं कसं?

रविवार आला. कॉफी केली तिनं. तीन पेले. मी दाराकडं बघत बसलो... अहो पण तो येईल कशाला? खाली त्याचं सरकारचं शून्य, वर माझं सूर्याचं शून्य. शून्याचं निम्मं द्यायला कोण जिना चढतो?

मी काय केलं, सांगू? जिन्यातला दिवा भर दुपारी लावून ठेवला. मुद्दाम! म्हटलं, आता खालून आवाज येईल, "कुणी लावला रे दिवा, सूर्य मेला काय?" कान लावून बसलो. एक दिवस, दोन दिवस, आठवडाभर लावला. माझं काय जातंय, फुकटच आहे! नाही आला आवाज. काल संध्याकाळी खाली खुडबूड झाली म्हणून धावत दार उघडलं, तर नागराज स्टुलावर चढून जिन्यात दुसरा बल्ब लावत होता. त्याच्या मीटरवरचा. म्हणाला, "तुझा कशाला जळत ठेवायचा अण्णा."

तर आता आमच्या एका जिन्यात दोन दिवे आहेत. तुम्हाला सांगतो, एवढा लख्ख उजेड पडतो, पायरी न पायरी दिसते, टाचणी पडली तरी सापडेल. फक्त चढणारं कोणी नाही.

सुखानं बिल भरत होतो हो मी.